ऑफसेट म्हणजे छापखाना नव्हे हो!

...नाही नाही, तुम्हीच सांगा, चाक गोल आहे म्हणून ते कुठल्याही गाडीला बसतं का? मग उद्या म्हणाल डोकंही गोल असतं, कुणाचंही उचला आणि कुणाच्याही धडावर ठेवा! बसेल हो, बसणार नाही असं नाही, आमचा मल्लिनाथ फिटर बसवून देईल, तो काहीही बसवतो, पण म्हणून काय... जाऊ द्या! माझा घसा बसलाय आता. परत आल्यापासून ह्या सोलापुरात मी एकच वाक्य ऐकतोय, सकाळी ऐकतोय, दुपारी ऐकतोय, चहाच्या टपरीवर ऐकतोय, "चाक गोल हाय न्हवं? मग झालं की!"

तुम्हाला सांगतो, मी वीरेश. मंद्रूपच्या चनबसप्पा मामांचा भाचा. ही ओळख मला स्वतःला कधी करून द्यावी लागत नाही, लोकच करून देतात, "ह्ये चनबसप्पाचं भाचं, जर्मनीला गेलतं की चाकं शिकायला," आणि मग समोरचा माणूस माझ्याकडे असं बघतो, की जणू घरच्यांनी एवढ्या लांब पाठवलं ते काही दुखण्यावर उपचार करायला! पण खरंच गेलो होतो हो. मोटारीच्या चाकांचं शास्त्र शिकायला. बर्फात नाक गळत होतं, जेवणाला उकडलेला बटाटा, आणि मी रात्रंदिवस चाक एके चाक. आता तुम्ही म्हणाल, चाकाचं एवढं काय शिकायचं असतं, चाक म्हणजे शेवटी... बघा! बघा! तुम्हीपण तेच म्हणणार होतात! मला तुमच्या तोंडावर दिसलं!

तर एकदा सुट्टीत घरी आलो, विजापूर रोडला सैफुलपाशी उभा राहिलो, आणि काय बघतो? एकामागून एक गाड्या चालल्यात, आणि प्रत्येकीची चाकं अंगाच्या बाहेर! गाडी एवढीशी, चाकं एवढाली, सगळ्या कशा फेंगड्या चालल्यात, जणू सोलापुरातल्या यच्चयावत गाड्यांना मांडीत गळू झालंय! ही माझी माणसं! ह्यांच्या बेअरिंगचं काय होत असेल? ह्यांच्या लेकराबाळांचं काय? परतीच्या विमानात मी मोठ्यानं म्हणालो, "माझ्या गावाला माझी गरज आहे!" शेजारच्या बाई झोपेतून दचकून उठल्या आणि त्यांनी सीट बदलून घेतली. पण मी ठरवलं. तिथली नोकरी नको म्हणून सांगितलं, बॅग भरली, आलो. सोलापुरात एक दुकान काढायचं, आणि त्या दुकानातून एकही गाडी चुकीच्या चाकावर बाहेर पडू द्यायची नाही. बास. एवढंच स्वप्न. ताजमहाल बांधतो म्हणालो का मी?

आता दुकानाला जागा हवी. जागा मामांकडे. सैफुलच्या पुढं, रस्त्याला लागून, मामांचा एक गाळा आहे, एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला सोडावॉटरवाला, शटर बंद. देवानं माझ्यासाठीच ठेवलेला! मी मंद्रूपला गेलो, मामांच्या पाया पडलो. मामा म्हणाले, "गाळा तुजाच रे वीरू. दुसऱ्या कुनाला देनार हाय मी? बोर्ड लाव आजच. पर किल्ली आत्ता न्हाय. आदी माज्या गाडीची चाकं बसवून दाव. त्यात पास झालास की किल्ली तुजी."

मी म्हटलं, एवढंच ना? मामा, तुमच्या गाडीला अशी चाकं निवडून देतो, की जर्मनीतून लोक बघायला येतील!

"निवडायची न्हाईत," मामा म्हणाले, "आणलीत."

आणि मला आतल्या खोलीत नेलं. तुम्हाला सांगतो, सोफ्यावर चार चाकं बसली होती. चक्क बसली होती! प्रत्येकाला विभूतीचे पट्टे ओढलेले, हार घातलेले, आणि घरात आलेले पाहुणे खाली सतरंजीवर! मामांनी पुण्याला जाऊन आणलेली. कुठलीतरी डोंगरात चढणारी, दांडगी जीप असते ना, तिची काढून ठेवलेली चाकं. आणि मामांची गाडी कुठली? ती आपली छोटी एसयूव्ही, बघायला रुबाबदार, आतून गरीब गाय.

"कशावरून घेतली मामा?"

"दिसायला भारी हायत."

"माप बघितलं?"

"बघितलं की. गोल हायत."

मी एक चाक उलटं केलं. मागच्या बाजूला कोरलेलं असतं बघा, ईटी आणि पुढं आकडा. इथं होतं ईटी उणे बारा. मामांच्या गाडीला पाहिजे अधिक पंचेचाळीस! मी असा ओरडलो, की बसम्मा मामी विंचू निघाला समजून चिमटा घेऊन आल्या.

"काय लिवलंय त्यात?" मामांनी विचारलं.

"मामा, हा ऑफसेट आहे."

"ऑफसेट?" मामांनी चष्मा वर केला. "छापखाना?"

"छापखान्याचा ऑफसेट वेगळा मामा! हा चाकाचा."

"चाकावर छापत्यात?"

"छापत नाहीत हो! चाकाची रुंदी धरा, तिचा बरोबर मध्य धरा. आता चाक गाडीला जिथं टेकतं, जिथं नट आवळतात, ती जागा त्या मध्यापासून किती सरकलेली आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. मूळ जर्मन शब्द आहे आइनप्रेसटीफं. म्हणून ईटी."

मामांनी डोळे बारीक केले. "पुन्ना म्हन."

"आइनप्रेसटीफं."

"मग प्रेस हायच की त्यात!"

चार वर्षांत हा प्रश्न मला एकाही प्रोफेसरनं विचारला नव्हता!

पण मी हरलो नाही. म्हटलं, शास्त्र लोकांच्या भाषेत सांगितलं पाहिजे, चूक आपली आहे. स्वयंपाकघरात गेलो, मामी ज्वारीचं पीठ चाळत होत्या, त्यांच्या हातातली चाळण घेतली. "बघा मामा, ही चाळणीची गोल पट्टी म्हणजे चाकाची धाव, आणि ही जाळी म्हणजे गाडीला टेकणारी जागा. जाळी पट्टीच्या मधोमध असली तर ऑफसेट शून्य. जाळी बाहेरच्या कडेला असली तर सगळी पट्टी गाडीच्या आत जाते, तो अधिक ऑफसेट, तुमच्या गाडीला तो पाहिजे. आणि चाळण अशी उलटी धरली तर सगळी पट्टी येते बाहेर! हा उणे! तुम्ही आणलाय तो!" आणि आवेशात मी चाळण उलटी केली ती मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. सगळं पीठ!

मामा पीठ झटकत म्हणाले, "चाळन उलटी धरली की पीठ सांडतंय, एवडं कळलं."

मी म्हटलं, बरं, दुसरं उदाहरण. "मामी, भरलेली घागर कमरेवर घेतली की तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जाता की नाही? तीच घागर हात लांब करून धरली तर? खांद्याचं काय होईल? तसं मामा, चाक चार बोटं बाहेर गेलं की गाडीच्या बेअरिंगचा खांदा निखळतो!"

मामी विचारात पडल्या. मला वाटलं, कळलं! मग त्या म्हणाल्या, "पर हात लांब करून कशाला धरायची? खाली ठेवायची की."

तुम्हाला सांगतो, मी भिंतीला टेकून बसलो.

आणि खरी गंमत पुढंच. मी जो जो तोटा सांगावा, तो मामांना फायदा वाटायचा! मी म्हणालो, मामा, ह्या चाकाचा घेर मोठा आहे, काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी सत्तरच्या घरात असेल. मामा म्हणाले, "म्हंजी वरचं फुकट?" फुकट नाही मामा, फसवणूक आहे ती, किलोमीटरसुद्धा कमी पडतील मीटरवर! "मग तर इकताना गाडी कमी चाललेली दिसंल की!" मामा, स्टिअरिंग जड होईल! "हलकं स्टिअरिंग बायकी वाटतंय मला." मामा, चाकं मडगार्डच्या बाहेर, चिखल थेट लोकांच्या अंगावर उडेल! "मग लोकांनी बाजूला सरकावं." मामा, मधलं भोक मोठं आहे, चाक आसाच्या टोकाच्या हबला घट्ट धरणार नाही, सगळा भार नटांवर! ह्यावर मात्र मामांनी वाकून त्या भोकातून आरपार बघितलं. मी आशेनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वीरू, तू लई शिकलास. पर एक सांग. चाक गोल हाय न्हवं?"

"आहे मामा."

"मग झालं की!"

मी ठाम नाही म्हणालो. मामा म्हणाले, "बरं." आता मामांचं 'बरं' तुम्हाला माहीत नाही. मामांचं 'बरं' म्हणजे होकार नव्हे, ते म्हणजे तुझं बोलून झालं ना, आता मला पाहिजे ते मी करतो.

पण मला काय माहीत! मी खूश होऊन सोलापुरात आलो आणि बोर्ड लावला. हिरव्या रंगात, ठसठशीत, 'वीरेश ऑफसेट', आणि खाली, 'योग्य ऑफसेट, सुरक्षित प्रवास.' बंद शटरसमोर खुर्ची टाकली आणि वाट बघत बसलो. म्हटलं, आता येतील फेंगड्या गाड्या, एकेकीला सरळ करतो!

आला कोण? वैरागचे ज्ञानबा. डोक्याला टोपी, बगलेत पिशवी, पिशवीत घडी केलेला कागद. मुलीचं सासर होणार होतं इथंच जुळे सोलापुरात, तिकडं बोलणी करून परत निघालेले.

"पत्रिका छापायच्यात. वैजयंतीच्या. थोरली माजी."

"काका, इथं पत्रिका छापत नाहीत."

ज्ञानबांनी मान वर करून बोर्ड वाचला, मग मला वाचलं. "ऑफसेट हाय न्हवं?"

"चाकाचा ऑफसेट आहे."

"न्हाय, चाक नगं पत्रिकेवर. गणपती टाका."

काका, म्हटलं, तुमच्या गावाला जी जीप जाते, तिच्या चाकाचा मध्य आणि नटांची जागा... मी सगळं सांगितलं हो! घागरीसकट! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "मशीन आली न्हाय व्हय अजून? हरकत न्हाय. मी इकडं येतुया अधनंमधनं. मजकूर तर बगून ठिवा." आणि कागद माझ्या हातात. मी काय करणार? वाचला. 'अगत्य' चुकलं होतं, 'शुभाशीर्वाद' चुकला होता, सुधारून दिलं. त्यांनी तसं वैरागात जाऊन सांगितलं असणार, कारण त्यानंतर बारशाच्या, वास्तुशांतीच्या, एका निवृत्तीच्या सत्काराच्या... सगळ्या पत्रिका माझ्याकडे शुद्धलेखनाला! जर्मनीत शिकून आलेला माणूस मी, ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसलोय बंद शटरपुढं! आणि समोरून फेंगड्या गाड्या झूऽम, झूऽम, एकसुद्धा थांबत नाही! एकाला मी हात करून थांबवलं, म्हटलं, साहेब, तुमचा ऑफसेट चुकलाय. त्यानं काच खाली केली आणि म्हणाला, "कुटं छापलाय बे?"

अशात एक दिवस मंद्रूपहून मामींचा फोन. "वीरू, बाजारला सोलापूरला यायलोय आमी. मामानी चाकं बसवली की रे. लई उंच झालीय गाडी, मला चढताच येईना."

माझ्या हातातली पत्रिका खाली पडली. मी तसाच एसटी पकडून तेरामैलाला उतरलो, तिथून मंद्रूपला मल्लिनाथच्या गॅरेजात. गाडी तिथंच. चारही चाकं चार बोटं बाहेर काढून अशी उभी, जणू कुणी दोन्ही काखांत टरबुजं दाबून निघालंय!

"मल्लिनाथ, काय केलंस हे?"

"बसली की साहेब. भोकं बरोब्बर जुळली!"

हेच माझं दुर्दैव! नटांची भोकं जुळली. एका केसानं जरी चुकली असती तर मी वाचलो असतो!

"अरे पण मधलं भोक ढिलं आहे, सगळा भार नटांवर आलाय!"

"नट भारासाठीच असत्यात न्हवं? का शोभेला असत्यात?"

"आणि हे बघ, वळवलं की वर पत्र्याला घासतंय!"

"घासंल दोन दिवस. मग आपली जागा आपन करून घेतंय."

"जागा करून घ्यायला ती काय नवी सून आहे का रे?"

मल्लिनाथनं शांतपणे पान लावलं. "साहेब, लई विचार करू नका. चाक गोल हाय न्हवं?"

मी त्याला पुढचं बोलूच दिलं नाही. तेवढ्यात मामा-मामी गाडी न्यायला तिथंच आले, मी मामांना हात जोडले. मामा, निघू नका. गाळा देऊ नका मला, पण मामींना ह्या गाडीत बसवू नका. मामा हसले. "घाबरतोस काय बे? बस तू बी." आणि मामी मागच्या सीटवर पिशव्या घेऊन बसलेल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साकु साकु, पुरे आता, बस माज्याजवळ." आता मामींना एकटं सोडणार का मी? बसलो. देवाचं नाव घेतलं आणि नटांचं चिंतन सुरू केलं.

निघालो. वळणावर खर्रर्र! मामा म्हणाले, "ऐकलास? आवाज कसा भारदस्त झालाय." सरळ रस्त्याला लागलो तर खालून घुंऽऽ. मामी म्हणाल्या, "मठात शंख फुंकल्यावानी वाटतंय." मी म्हणतोय, मामा, बेअरिंग रडतंय ते, हळू चालवा! मामा म्हणतायत, "साठच हाय काटा." मामा, काटा साठ म्हणजे सत्तर! "मग तू काटा बगू नको, गप बस."

पुढं पाइपलाइन फुटून रस्त्यात हे एवढं डबकं. घरात नळाला पाणी नाही, पण रस्त्याला मुबलक! मामांनी गाडी सरळ त्यातून घातली. तुम्हाला सांगतो, दोन्ही बाजूंनी चिखलाचे असे पंख उघडले, आणि डावीकडच्या पंखाखाली एक मोटरसायकलवाला सापडला. पांढरा शर्ट होता असं त्याच्या कॉलरवरून कळत होतं.

"ओ मालक! थांबवा गाडी! थांबवा आदी!"

मामांनी थांबवली. आणि मला आतून काय आनंद झाला म्हणून सांगू! अखेर एक जागरूक नागरिक! आता हा मामांना सुनावेल, चारचौघं जमतील, मी खाली उतरून शास्त्र समजावीन... तो माणूस आला, डोळ्यावरचा चिखल निपटला, गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकापाशी उकिडवा बसला, आणि म्हणाला,

"कुटनं बसवली ओ? लई भारी दिसायल्यात!"

मामा खिडकीतून म्हणाले, "मंद्रूपला मल्लिनाथकडं जावा."

मला रडू यायचं बाकी होतं. हे असं आहे बघा. ज्याच्या अंगावर चिखल उडाला त्यालाच चाकं आवडली, आता तुम्ही चळवळ कुणाच्या जोरावर करणार?

सैफुलच्या पुढं आलो. गाळ्यासमोर मामांनी गाडी वळवली, हळू, अगदी हळू, फुटपाथच्या कडेवर चढवायला म्हणून, आणि पुढच्या डाव्या चाकापाशी टण्! मग टण् टण्! नट तुटले हो! चाक सुटलं! आणि चाक काय करणार? गोल असतं ना! शंभरदा ऐकलंय मी, चाक गोल असतं! ते गेलं गडगडत सरळ, सोडावॉटरवाल्याच्या क्रेटमधल्या बाटल्या उडवून, आणि माझ्या शटरवर धाडकन् आपटून आडवं पडलं. तिथं माझ्या खुर्चीत ज्ञानबा बसले होते, मशीन आली का बघायला आलेले. त्यांनी नुसते पाय वर घेतले.

गाडी गुडघ्यावर बसली. मामींचा हात माझ्या हातात होता, बर्फासारखा. मामा खाली उतरले, मागचं दार उघडलं, आणि ज्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं त्या आवाजात म्हणाले, "बसम्मा... लागलं काय गं?" मामी म्हणाल्या, नाही. मामा तिथंच फुटपाथवर मटकन बसले. घटकाभरापूर्वी तोच रस्ता, तोच काटा साठवर, शेजारून उसाचे ट्रॅक्टर! हे तिथं झालं असतं तर? मामांच्या तोंडावर लिहिलेलं होतं ते.

गर्दी जमली. टायरवाला, सोडावाला, दोन रिक्षावाले, येणारेजाणारे. आणि मला वाटलं, हाच तो क्षण! ह्यासाठीच मी आलो! मी ते पडलेलं चाक उभं केलं, त्याच्यावर हात ठेवला आणि बोललो. काय बोललो मी! ऑफसेट सांगितला, रुंदी सांगितली, घेर सांगितला, मधलं भोक सांगितलं, भार कुठून कुठं जातो ते बोटानं काढून दाखवलं. म्हणालो, चाक नुसतं गोल असून चालत नाही, ते त्या गाडीचं असावं लागतं! गाडीची आणि चाकाची कुंडली जुळावी लागते, आणि ती कुंडली चाकाच्या पाठीवर कोरलेली असते, फक्त उलटं करून वाचा! एकदा तरी वाचा!

कुणी हसलं नाही. रिक्षावाल्यानं खाली वाकून आपल्या रिक्षाचं चाक बघितलं! मामा उठले, माझ्याजवळ आले. डोळ्यांत पाणी. "वीरू, तुजं बरोबर हाय. मी ऐकलो न्हाय. चाक आन् गाडी जुळाय पायजे."

"हो मामा!"

"त्यालाच ऑफसेट म्हनत्यात."

"हो मामा! हो!"

म्हटलं, संपलं. जिंकलो. हे सोलापूर आता सुधारणार!

तेवढ्यात खुर्चीवरून ज्ञानबा खाकरले. "मी एक इचारू का? बापाचा बूट पोराला घातला, पोरगं पडलं. आता बूट वाईट हाय का?"

गर्दी म्हणाली, न्हाय.

"बूट चांगला हाय. पोरगं ल्हान हाय." ज्ञानबांनी त्या चाकावर थाप मारली. "तसं ह्ये. एवडं आपटलं, शटर वाकलं, पर चाकाला साधा वरखडा न्हाय. चाक एक नंबर. गाडी ल्हान पडली."

"हौद की! खरं हाय!" मामा म्हणाले. "गाडीच ल्हान पडली!" आणि माझ्याकडे वळले, डोळे पुसून, अगदी भक्तिभावानं. "वीरू, तू शिकलायस. ह्या चाकाला ऑफसेटनं जुळंल अशी गाडी हाय का रे?"

आता मी काय सांगू? सांगा ना! खोटं बोलू? शास्त्राशी बेइमानी करू? आहे ना ती गाडी! ज्या जीपची ती चाकं होती तीच! उणे बारा, मधलं भोक, घेर, सगळं तंतोतंत! मी मान खाली घातली आणि म्हणालो, "आहे मामा."

"मग झालं की!" अख्खी गर्दी म्हणाली.

मामांनी छोटी गाडी विकली आणि ती दांडगी जीप घेतली. सोफ्यावरच्या चाकांसाठी! नशीब त्या चाकांचं! आणि तुम्हाला सांगतो, बसली. एक मिलिमीटर इकडं नाही, तिकडं नाही. मामा सगळ्यांना सांगतात, "भाच्यानं जुळवून दिलं, ऑफसेट बगून." लोक माझ्याकडे यायला लागलेत हो आता. रांगा लागतात! प्रत्येकाच्या काखेत एक चाक, आणि एकच प्रश्न, "साहेब, ह्या चाकाला कुटली गाडी घिऊ?"

आणि गाळा? मिळाला की! मामा शब्दाचे पक्के. मंद्रूपच्या गल्लीत ती जीप शिरत नाही, म्हणून ती आता माझ्या गाळ्यात राहते. किल्ली माझ्याकडे आहे, सकाळी शटर उघडायचं, जीप बाहेर काढायची, संध्याकाळी आत घालायची. फक्त सुरुवातीला एक अडचण आली. दार अरुंद पडलं, जीप आत जाईना. मामांनी येडू गवंडी आणला, आणि मला म्हणाले, "वीरू, बाजूची भिंत किती पाडायची ते जरा मोजून दे रे. ही मापं तुलाच कळत्यात."

मापं! माझ्याकडे कुणी माप मागत होतं! सोलापुरात आल्यावर पहिल्यांदा! मी घरी धावलो, जर्मनीहून आणलेलं मोजमापाचं यंत्र काढलं, जीपची रुंदी घेतली, चाकाची बाहेरची कड घेतली, आरसे घेतले, वळण घेतलं, भिंतीच्या मध्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत अंतर काढलं, कागदावर आकृती काढली, अधिक, उणे, सगळं मिलिमीटरमध्ये, आणि तो कागद मामांच्या हातात दिला.

मामांनी कागद सरळ धरून बघितला, आडवा धरून बघितला, आणि येडूला म्हणाले, "पाड रे तू अंदाजे." मग माझ्याकडे बघून मायेनं हसले. "काय बे वीरू, एवडं बारीक मोजायला ह्ये काय चाक हाय व्हय?"